नकार द्या, पण लेखी द्या

बेळगावात दोन माणसे घराविषयी बोलायला लागली की तिसऱ्या मिनिटाला सीमाप्रश्न येतो. सध्या त्याला निमित्तही आयते मिळाले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठमधल्या एका बेकायदा बांधकामाच्या खटल्यात निकाल दिला आणि त्यात देशभरासाठी काही निर्देश घातले. पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहिल्याशिवाय नव्या इमारतीला वीज, पाणी, गटार जोडू नये. बँकांनीही दाखला तपासूनच कर्ज द्यावे. त्यानंतर कर्नाटकात ठिकठिकाणी नव्या घरांचे मीटर अडकले आणि आमच्याकडे लग्नाच्या पंगतीपासून सलूनच्या बाकड्यापर्यंत दोन तट पडले. एक म्हणतो, मराठी माणसाचे घर उभे राहू नये म्हणूनच हे चालले आहे. दुसरा, बहुधा ज्याचे घर केव्हाच बांधून झाले आहे असा, म्हणतो, नियम मोडायचे आणि वर मीटर मागायचा, असल्यांची घरे पाडलीच पाहिजेत. पहिल्याला एवढेच विचारावे: हा निकाल तर साऱ्या राज्याला लागू झाला, मग बैलहोंगलच्या कन्नड शेतकऱ्याचा मीटर अडला तो कुठल्या भाषेच्या रागाने? आणि दुसऱ्याला विचारावे: नियम पाळायला निघालेल्या माणसाला तो नियम आजवर कुणी कागदावर दाखवला आहे काय?

माझे मत आधीच सांगून टाकतो. घराच्या परवान्यासाठी आपण साहेबांच्या तोंडून 'हो' काढण्याच्या मागे लागलो, तिथेच चुकलो. मागायला हवा तो नकार. लेखी, कारणासह, कलमासह, तारीख, सही आणि शिक्क्यासह. ज्या कार्यालयाला 'नाही' कागदावर लिहावे लागते, त्याला उगीचच्या उगीच 'नाही' म्हणता येत नाही. आणि 'नाही' जिथे तोंडीच राहते, तिथे त्याचा भाव ठरवता येतो.

कर्नाटकात भुताची एक गोष्ट सांगतात. रात्री एक बाई ओळखीच्या आवाजात हाका मारत दारोदार फिरते. ओ दिली की माणूस संपला. उपाय म्हणून लोकांनी दारावर लिहून ठेवले, 'नाळे बा', म्हणजे उद्या ये. ती वाचते, परत जाते, दुसऱ्या रात्री येते आणि पुन्हा तेच वाचते. आमच्या भागातल्या सरकारी टेबलापाशी ही गोष्ट उलटी घडते. टेबलामागचा माणूस 'नाळे बर्री' म्हणतो आणि भूत होऊन फिरतो तो घरमालक. ('बर्री' हे इकडच्या कन्नडमधले आदरार्थी रूप. माणसाला परतवून लावतानाही बोली आपली सभ्यता सोडत नाही.) फरक इतकाच की त्या भुताला निदान दारावर लिहिलेले तरी मिळत होते.

माझा मामेभाऊ शहराला चिकटलेल्या एका गावात राहतो. गावठाणातली दीड गुंठा जागा, आजोबांनी बांधलेले मातीच्या भिंतींचे कौलारू घर, पागोळ्यांनी खचलेली मागची भिंत. थोरल्याचे लग्न ठरले तेव्हा जुने उतरवून खाली तीन खोल्या आणि वर दोन असे स्लॅबचे घर बांधायचे ठरले. कागद सगळे जागेवर होते. उतारा त्याच्या नावावर, ई-स्वत्तुचा (ग्रामपंचायतीच्या ऑनलाईन मिळकत नोंदीचा) फॉर्म ९ काढलेला, घरपट्टी भरलेली, इंजिनिअरकडून नकाशा करून घेतलेला. दिवाळीनंतर अर्ज दिला. 'दिला' म्हणजे टेबलावर ठेवला; पोच मिळाली नाही. मग फेऱ्या सुरू झाल्या. सर्व्हर डाऊन. साहेब फील्डवर. डिसेंबरात अधिवेशन, सरकार बेळगावच्या विधानभवनात, सुवर्णसौधला उतरले की जिल्ह्यातले निम्मे साहेब तिकडच्या कामाला लागतात हे इथे प्रत्येकाला पाठ आहे. जानेवारीत कळले की नकाशात 'काहीतरी' दुरुस्ती आहे. काय दुरुस्ती? तुमच्या इंजिनिअरला कळेल. इंजिनिअर म्हणाला, मला कुणी काही सांगितलेले नाही. फेब्रुवारीत समजले की हे काम इथले नाहीच, दुसऱ्या कार्यालयाचे आहे. दुसऱ्या कार्यालयात समजले की ते पहिल्याचेच आहे. या सगळ्या काळात त्याला एकदाही कुणी 'परवानगी मिळणार नाही' असे म्हटले नाही. तेवढे म्हटले असते तरी त्याने पुढचा विचार केला असता.

इथे कुणी म्हणेल, मग काय, नियमच नकोत? असे म्हणणारा मी नव्हे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात या जिल्ह्यातली हजारो घरे पडली. नदीपासून किती अंतर सोडायचे आणि जोते किती उचलायचे हे प्रश्न ज्यांना कागदी वाटत होते, त्यांना पाण्याने उत्तर दिले. बळ्ळारी नाल्याच्या काठची शहापूर, वडगाव, येळ्ळूरची भाताची शेते पावसाळ्यात पाण्याखाली जातात, आणि नाल्यात भराव टाकून वाट अडवणारी माणसे परग्रहावरून आलेली नाहीत. जुन्या गल्ल्यांत ओटे इतके पुढे आले आहेत की आग लागली तर बंब तोंडाशीच उभा राहील. 'माझ्या जागेत मी काहीही बांधीन' म्हणणारा माणूस खरे तर शेजाऱ्याचा उजेड, वारा आणि पाणी वाहून जायची वाट विकत असतो. आपली लबाडीही कबूल करू. नकाशात पार्किंग दाखवायचे आणि तिथे भाड्याचा गाळा काढायचा, मोकळ्या सोडायच्या जागेत जिना चढवायचा, 'तात्पुरता' म्हणून घातलेला पत्रा नातवाच्या बारशापर्यंत ठेवायचा, हे आपल्यापैकी किती जणांनी केलेले नाही?

पण हे सगळे मान्य करूनही प्रश्न उरतोच. नियम शेजाऱ्याच्या भल्यासाठी असेल तर तो लपवून कुणाचे भले होते? नाल्यात भराव पडला तो नियम नव्हते म्हणून नव्हे. नियम होते, कार्यालये होती, शिक्केही होते. नियम सांगण्याऐवजी तो राखून ठेवला की तो वस्तू होतो, आणि वस्तूला गिऱ्हाईक मिळतेच. नाल्यावर इमारत उभी करणाऱ्याला हा नियम कधी आडवा आला नाही. आडवा आला तो मातीची भिंत उतरवून विटांची बांधू पाहणाऱ्याला.

याहून मोठी गोष्ट म्हणजे आमचा पाऊस. बेळगाव, खानापूर पट्ट्यात मृग लागला की पाया खणता येत नाही; काळी माती असो की तांबडी, खड्डा पाण्याने भरतो. बांधकामाचा हंगाम दिवाळी ते मे एवढाच. म्हणजे टेबलावर गेलेले तीन महिने हे तीन महिने नसतात, ते अख्खे वर्ष असते. तेवढ्यात सळीचा भाव चढतो, ठरवलेला गवंडी गोव्याला कामाला जातो आणि जमवलेल्या पैशातले निम्मे कुणाच्या तरी आजारपणात जातात. मार्च उजाडला तरी कागद हलत नाही तेव्हा माणूस काय करतो? नारळ फोडतो आणि काम सुरू करतो. त्या दिवशी तो 'अनधिकृत' होतो. महिन्याभराने कुणीतरी येऊन स्लॅबच्या सळ्या मोजतो, फोटो काढतो आणि 'काय ते बघून घ्या' म्हणून जातो. ज्याने थांबवले त्याच्याच हातात आता धरून ठेवायला काहीतरी आले. आपण ज्याला बेकायदा घर म्हणतो, त्यातली कितीतरी घरे अशी कार्यालयाच्या मौनातून जन्मलेली असतात, आणि ती पाडा म्हणणाऱ्यांनी आधी त्या मौनाचा हिशेब मागायला हवा.

सरकारलाही हे ठाऊक आहे. नाही तर 'अक्रम-सक्रम' कशाला आले असते? बेकायदा बांधकाम दंड घेऊन कायदेशीर करण्याची ही योजना; २०१४ मध्ये नियम झाले, जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. म्हणजे पैसे घेऊन क्षमा करण्याची तयारी राज्याने दाखवली. जे सरकार लाखो घरांना क्षमेचा कागद द्यायला निघते, त्याला एका घराला नकाराचा कागद देणे इतके जड का जावे?

'महाराष्ट्रात असतो तर' या उसाशाविषयीही बोलले पाहिजे, कारण तो आपल्याकडे प्रत्येक रांगेत ऐकू येतो. १९५६ पर्यंत चंदगड आणि बेळगाव एकाच जिल्ह्यात होते. मग चंदगड तिकडे राहिले आणि आपण इकडे आलो. ही जखम खरी आहे, २००४ पासून ती सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि तिच्याविषयी माझे मत इथल्या कुठल्याही मराठी माणसापेक्षा वेगळे नाही. पण सीमेपलीकडे परवान्याचे झाड फळांनी लगडले आहे असे मानणाऱ्याने तिकडचे कायदे वाचावेत. गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनींवरची घरे नियमित करायला महाराष्ट्राला २००१ मध्ये गुंठेवारीचा खास कायदा करावा लागला. एकट्या उल्हासनगरातल्या बेकायदा इमारतींसाठी २००६ मध्ये वेगळी तरतूद करावी लागली. तिथे अर्ज मराठीत होते, साहेब मराठी होते आणि 'उद्या या' सुद्धा अस्सल मराठीत होते. तरी घरे बेकायदाच झाली. एक गोष्ट मात्र महाराष्ट्राने चांगली केली. २०२० च्या एकात्मिक नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या लहान घराला वेगळी वाट ठेवली. कागद आणि शुल्क भरले की त्याची पोच हीच परवानगी. पोच! माझ्या मामेभावाला जी मिळाली नाही तीच.

भाषेच्या मुद्द्यातला खरा भाग मी नाकारत नाही, उलट तो आपण जितका मांडतो त्याहून नेमका मांडायला हवा. इमारतीचे उपनियम कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, ऑनलाईन अर्जाची पाने कन्नड किंवा इंग्रजीत. साठीच्या शेतकऱ्याने ते वाचायचे कसे? जिथे भाषिक अल्पसंख्याक लोकसंख्येच्या १५ टक्के किंवा अधिक आहेत, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राने आणि मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने १९६१ च्या सुमारासच मान्य केलेले आहे. फार मागे जायचे तर ज्या विजापूरच्या आदिलशाहीत आमचा मुलूख होता, तिचे कागद फार्सीत लिहिले जात आणि त्यांतल्या कितींच्या तरी खाली मराठी मजकूर असे. चारशे वर्षांपूर्वीच्या सुलतानाला जे परवडले ते संगणकाच्या काळात परवडू नये?

तरीही भाषा हे दार आहे, खोली नव्हे. संविधानाच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क दिला आहे. मराठीत अर्ज करा, तो घ्यावाच लागतो. पण उत्तर किती दिवसांत आणि कुठल्या कारणांसह, याविषयी ते कलम गप्प आहे. मराठीत विचारण्याच्या हक्कासाठी आपण सत्तर वर्षे लढलो. विचारल्यावर उत्तर मिळण्याच्या हक्कासाठी कधी मोर्चा काढला? शिवाय अनुभव काय सांगतो? टेबलापलीकडचा माणूस आपल्यातला असला, घरात मराठी बोलणारा असला, तरी फाईल तशीच पडून राहते. फक्त चहा मिळतो. आणि कामाचे 'काय ते' ठरवायची वेळ आली की कन्नड साहेबालाही मराठी अगदी छान येते. मौनाला मातृभाषा नसते.

जुन्या मराठी कारभारात या बाबतीत आपल्यापेक्षा बरी रीत होती. घराच्या जागेचा, वतनाचा, शेताच्या बांधाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या न्यायसभेपुढे आला की दोन्ही पक्षांच्या तकरिरी, म्हणजे म्हणणी, लिहून घेत, साक्षी लिहीत आणि निवाडा का दिला ते महजरात, म्हणजे सभेच्या निर्णयपत्रात, नोंदवून उपस्थितांच्या निशाण्या घेत. जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे आणि हरणाऱ्याकडून येजितखत, म्हणजे हार मान्य असल्याचा कागद, लिहून घेत. त्या सभेत जातीची, वतनाची, जोराची मातब्बरी होती यात शंका नाही; तो काही सुवर्णकाळ नव्हता. पण ते कागद आज तीनशे वर्षांनी उघडले तरी कोण का हरला ते वाचता येते. माझ्या मामेभावाचा अर्ज का अडला हे त्याच वर्षी, त्याच इमारतीत कुणाला सांगता येत नव्हते.

कायदेही नाहीत असे नाही. कर्नाटकाने २०११ मध्ये सेवा हमी कायदा केला आणि एप्रिल २०१२ पासून तो 'सकाल' या नावाने चालू आहे. ('सकाल' म्हणजे योग्य वेळी. सकाळी गेल्याने काम सकाली होते असा अर्थ नाही.) ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे, अशी भरपाई त्यात आहे. रक्कम हसण्यासारखी आहे, पण मेख तिथे नाही. घड्याळ चालू होते ते अर्ज नोंदवून क्रमांक मिळाल्यावर. अर्ज टेबलावर नुसता ठेवून घेतला तर कसले घड्याळ आणि कसले वीस रुपये? माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातही, चौथ्याच कलमात, लिहिले आहे की प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला सांगावीत. पण त्यासाठी आधी निर्णय झाला पाहिजे. अर्ज न नोंदवता निर्णयच न घेणे ही या कायद्यांतून सुटण्याची सर्वांत सोपी पळवाट आहे.

त्यातली विसंगती बघा. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझरच्या प्रकरणात सांगितले की घर पाडण्यापूर्वी कारणे देणारी लेखी नोटीस आणि किमान पंधरा दिवसांची मुदत दिलीच पाहिजे. चांगलेच झाले. पण म्हणजे आपल्या देशात सामान्य माणसाच्या घराला सकारण लिहिलेला पहिला कागद मिळतो तो पाडताना. बांधताना का नाही? सुरुवातीला ज्या मेरठच्या निकालाचा उल्लेख केला, त्यात दाखला न मिळाल्याबद्दलचे अर्ज आणि अपिले नव्वद दिवसांच्या आत निकालात काढा असेही म्हटले आहे. मीटर अडवताना निकालाचा पहिला भाग सगळ्यांच्या तोंडपाठ झाला. हा भाग मात्र कुठल्याही टेबलावर कुणी वाचल्याचे दिसत नाही.

अधिकाऱ्यांची बाजूही आहे, आणि ती अगदीच पोकळ नाही. एका ग्रामपंचायतीच्या पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे) पाण्याच्या मोटारीपासून रोजगार हमीच्या हजेरीपर्यंत सगळे असते. लेखी नकार दिला की अपील, माहिती अधिकार, कोर्ट, वर नगरसेवकाचा नाही तर आमदाराचा फोन. त्यापेक्षा 'उद्या या' सुरक्षित. पण एकच माणूस वीस वेळा टेबलाशी येतो तेव्हा त्या वीस भेटींना लागणारा वेळ तीन ओळींच्या पत्राहून कमी असतो का? आणि फोनाची भीती असेल तर कलम लिहिलेल्या कागदाइतकी चांगली ढाल दुसरी कुठली? 'साहेब, मी नियमाने नाही म्हटले आहे, हे बघा' असे म्हणता येणे ही प्रामाणिक कारकुनाची सोय आहे. अडचण होते ती दुसऱ्या प्रकारच्या कारकुनाची.

आणि आपल्या पुढाऱ्यांची. हे लिहिताना हात आखडतो, पण लिहिलेच पाहिजे. आपल्याकडे चांगला पुढारी कोण? जो फोन करून काम करून देतो तो. तोंडी अडवणूक आहे म्हणून तोंडी शब्दाला किंमत आहे, आणि ती दोन्ही भाषांतल्या सगळ्या रंगांच्या झेंड्यांखाली सारखीच आहे. १८९७ च्या प्लेगात घरांची तपासणी आणि रोग्यांना वेगळे ठेवणे यांची गरज टिळकांनी नाकारली नव्हती. त्यांचा संताप होता तो हे ज्या रीतीने चालले होते त्यावर, ज्याला जाब विचारायची सोय नाही अशा अधिकारावर. त्याच टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीग स्थापन केली ती आमच्या बेळगावात. उपाय मान्य आणि रीत अमान्य, हा भेद तेव्हाच्या इथल्या वाचकाला कळत होता. आज आपण नियमांवर रागावतो, भाषेवर रागावतो आणि रीतीसाठी पुढाऱ्याला फोन लावतो.

मामेभावाने शेवटी कुणाला फोन केला नाही. कंटाळून मेच्या अखेरीस मराठीत एका पानाचा अर्ज लिहिला, सोबत नकाशाची प्रत जोडली, आणि खाली एकच मागणी केली: परवानगी देत नसाल तर कारण आणि कलम लेखी कळवावे. स्पीड पोस्टाने पाठवला, पावती जपून ठेवली. बारा दिवसांनी उत्तर आले. कन्नडमध्ये, तीन ओळी. मागच्या बाजूला सोडायची जागा दीड फूट कमी पडत होती. इंजिनिअरने त्याच संध्याकाळी नकाशात भिंत दीड फूट पुढे घेतली आणि दुरुस्त नकाशा पुन्हा दिला. परवानगी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मिळाली, तेव्हा पाऊस लागलेला होता. लग्न मेच्या सुरुवातीलाच जुन्या घरात झाले होते. खचलेल्या मागच्या भिंतीला बाहेरून दोन वासे टेकवले आणि आतून तिच्यावर मांडवाचा पडदा सोडला, पाहुण्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून. ते तीन ओळींचे पत्र त्याला स्वतःला वाचता आले नव्हते. नववीतल्या धाकटीने ओट्यावर उभी राहून ते वाचले आणि मराठीत सांगितले. ऐकून तो म्हणाला, एवढेच होते?